घसरलेलं ड्रिल

लॅनेलीच्या चॅपेलमागच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी बोटभर गाड्यांची शर्यत.
गेथिनच्या गाडीची चासी पितळेची,
पियानोच्या तारेला डाग दिलेला
घरी, ओट्यावर, भाजीची पातेली सरकवून.

नकाशा फुकट. हवा त्यानं न्यावा.
तयार चासी बारा पौंड.
त्यात डोळ्यांचे किती धरलेस,
मेरेरिद विचारते.

मागच्या आसाशी एक भोक आहे.
तिनं जेवायला हाक मारली
तेव्हा ड्रिल घसरलं होतं.
नकाशातही ते तसंच उतरलं.

आज स्वॉन्सीचा एक पोरगा
अठरा पौंडांना विकत होता तीच चासी,
वेगाचं सगळं गुपित इथं आहे म्हणत
बोट ठेवत होता
त्या भोकावर.

गेथिननं चष्मा कपाळावर सारला,
नीट ऐकून घेतलं
आणि घासाघीस न करता
एक विकत घेतली.