विक्रीची प्रत

लग्नं, मेंढ्यांचा लिलाव आणि वर्षातून एकदा
शाळेचा क्रीडादिन, एवढ्यावर माझा कॅमेरा जगतो.
स्कॉटलंडच्या या टोकाला, बालनेसमध्ये,
दुसरा कॅमेरावाला नाही,
म्हणून मी बरा ठरतो.

मिसेस गॅलब्रेथनी तीन पानं पुढं सरकवली.
कलम दोन : विक्री फक्त पालकांना, पंधरा पौंडांच्या वर नाही.
कलम पाच : ज्यांची संमती नाही ती मुलं दिसता कामा नयेत,
पाठमोरीही नाहीत, नावानंही नाहीत.
कलम नऊ : मूळ चित्रण तिसाव्या दिवशी पुसायचं.
"सही इथं, मिस्टर तुलोख. आणि इथं. आणि इथंही."
सोबत लाल शाईतली यादी, सात नावांची.
कारण लिहिलेलं नव्हतं.
कारण विचारायचं नसतं, एवढं
त्यांच्या चष्म्यानं सांगितलं.

सहा मुलं सोपी गेली.
एक पोत्याच्या शर्यतीत पडला तो उठलाच नाही,
दोघं दिवसभर आइस्क्रीमच्या गाडीपाशी.
सातवी पिवळ्या संघाची. रिले. शेवटचा टप्पा.

वारा समुद्राकडून, माइकमध्ये नुसती घरघर.
बॅटन तिच्या हातात आलं तेव्हा
निळा संघ बारा पावलं पुढं होता.
मी कॅमेरा बाजूला घ्यायला हवा होता.
घेतला नाही.
हातानं ऐकलं नाही म्हणा.
जिंकायला धावतात तशी ती धावत नव्हती.
मागं कुणीतरी आहे
हे ठाऊक असलेल्या माणसासारखी
जमीन मागं ढकलत होती.
वळणावर आठ पावलं. गोलच्या खांबापाशी तीन.
फीत तिच्या छातीला लागली, आणि
लाउडस्पीकरवाल्यानं
(त्याला यादी कुणी दिलीच नव्हती)
तिचं नाव दोनदा घेतलं.
मी ते इथंही लिहीत नाही.

रात्री दुकानात बसून कात्री चालवली.
विक्रीच्या प्रतीत आता असं दिसतं :
पिवळ्या संघाची आइला बॅटन पुढं करते
आणि पुढं कुणी नाही.
मग एकदम शेवटची रेघ.
निळ्या संघाची फ्रेया सिंक्लेअर येते, एकटीच, जीव खाऊन,
पायाखाली फीत आधीच पडलेली.

एकेचाळीस प्रती खपल्या.
फ्रेयाच्या आजोबांनी तीन नेल्या.
"आमची पोर पहिली," ते म्हणाले.
फ्रेया मागं वाकून बुटाची नाडी बांधत होती,
बांधलेलीच नाडी.

तिसाव्या दिवशी, शटर अर्धं खाली आल्यावर
एक बाई वाकून आत आली.
आधी काचेतून रस्ता पाहून घेतला तिनं,
मग मासळीच्या कारखान्याच्या कोटातून
पंधरा पौंड काढले, सगळे सुट्टे.
मी म्हटलं, कलम पाच. म्हटलं, सह्या केल्यात.
"संमती मीच नाकारली होती," ती म्हणाली.
"त्या दिवशी पाळी होती माझी. यायला जमलं नाही."

हातात देणं म्हणजे विक्री. पण दाखवणं?
तिन्ही पानं उलटीसुलटी करून पाहिली.
दाखवण्याबद्दल कुणाला काही सुचलेलं नव्हतं.
मी स्क्रीन तिच्याकडं वळवली.
"आवाज बंद करा," ती म्हणाली. "नाव नको."

उभ्यानंच पाहिलं. एकोणीस सेकंद.
मग पुन्हा. वळणाशी
तिनं काउंटर दोन्ही हातांनी धरलं,
जणू दुकानच कलत होतं.
तिसऱ्यांदा मी विचारलं नाही, लावलं.

"पुसा आता."
यंत्रानं विचारलं, नक्की?
बटण तिनंच दाबलं.

पैसे मी परत सरकवले, तिनं पुन्हा पुढं केले.
असं दोनदा.
शेवटी एक पौंड लाइफबोटच्या मदतपेटीत पडला,
बाकीचे कोटात गेले.
शटरखालून वाकताना ती थांबली.
"डावा खांदा पाडून धावते अजून," म्हणाली,
"सांगायला हवं तिला."