कंस

"तो नेमकं काय म्हणाला?"
फिर्यादी रतन गांगुर्डे पिंजऱ्यात, भुवईवर सहा टाके.
"चड्डीत ऱ्हाय, म्हणे."

माझी बोटं थांबली.
अकरा वर्षं सीबीएससमोरच्या या कोर्टात टंकते आहे.
कोयता, फायटर, आईवरची शिवी,
सगळं मुकाट अवतरणात बसतं.
पण हे राहा लिहू, की ऱ्हाय?

न्यायाधीश मॅडम नव्या, तिकडे लांब सावंतवाडीच्या.
"म्हणजे काय?"
सरकारी वकील : धमकी, मॅडम. औकातीत राहा, नाहीतर बघतो.
बचावाचे शेवरे वकील चष्मा पुसत उठले :
"मॅडम, हे दोघे चड्डीदोस्त.
गांधी तलावात पोहायला शिकले ते एकाच चड्डीवर,
आळीपाळीने."
"आणि दुसरा तेव्हा?"
"दुसरा दुतोंड्या मारुतीच्या मागे, मॅडम."

शिपाई ओरडला, शांतता राखा,
आणि स्वतःच फिसकन हसला.

मग ती सगळ्या खोलीत फिरली.
हवालदार म्हणाले, आम्ही पोचलो तेव्हा
आरोपीची पिवळी झालेली.
मागच्या बाकावरचे म्हातारे शिंपी म्हणाले,
मी दोघांना चड्डीत होते तेव्हापासून ओळखतो,
त्यांना कोणी विचारलं नव्हतं.
शेवरे म्हणाले, पोलीस चड्डी सावरत पळाले म्हणून
पंचनामा दुसऱ्या दिवशीचा.
घामाने माझा पंजाबी ड्रेस पाठीला चिकटला होता.

मी टंकलं : "चड्डीत ऱ्हाय" (मर्यादेत राहा).
मॅडम पडद्यावर वाकल्या.
"कंस काढा.
अर्थ आपण लावायचा नाही. अजून नाही."
काढला.

तेवढ्यात आरोपी भाऊलाल,
जो तीन तारखांत नावापलीकडे बोलला नव्हता :
"माझी होती ती."
"काय तुमची होती?"
"चड्डी. निळी, नाडीची.
आईनं खिडकीच्या पडद्यातून शिवलेली.
यानं नेली ती नेलीच."

शेवऱ्यांनी कपाळाला हात लावला.
सरकारी वकील घाईने म्हणाले, हे रेकॉर्डवर घ्या, मॅडम,
वैमनस्य जुनं आहे.

रतन घड्याळाकडे बघत होता.
टाक्यांवरून बोट फिरवत
अगदी हळू, कोर्टाला नव्हे :
"फाटली रे ती. तवाच."

हे घ्यायचं का, कुणी सांगितलं नाही.
मॅडमनी तारीख दिली, एकोणीस.
मी एक ओळ मोकळी सोडली
आणि सेव्ह केलं.