धर्मकाट्यावरची पावती

हिंगणघाटच्या रस्त्याला, तेलाच्या प्लँटसमोर
माझी काचेची खोली.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेलं वजन. मग रिकामं वजन.
मधली बाकी म्हणजे माल.
नऊ वर्षं मी या बाकीवर जगतो.

सोयाबीन आत जातं.
तेल एका गेटातून निघतं, ढेप दुसऱ्या.
ढेप बंदराला, तिथून बोटीनं
कुठल्याशा देशात, जिथल्या कोंबड्यांना
माझ्या तालुक्याची चव ठाऊक आहे,
माणसांना नाव नाही.
आणि आमच्या आठवडी बाजारात
पिशवीतून येतं पामचं तेल, समुद्रापलीकडचं.
मध्येच कुठंतरी त्या दोन बोटी
रात्री एकमेकींना ओलांडत असतील,
दिवा दाखवत असतील
ओळखीच्या बायांसारखा.

पार्बता उईके गेटाबाहेरचं मातेरं झाडते.
खराटा, सूप, एक ठिगळाचं पोतडं.
वळणावर ट्रक हिसका देतो तेव्हा
जे दाणे उडतात, ते
भरलेल्यातही नसतात, रिकाम्यातही नसतात.
तिचा दिवस तेवढ्यावर चालतो.

एकदा तिनं पोतडं आणून काट्यावर ठेवलं,
खाली उतरून काचेवर टकटक केलं.
"पाहून दे ना बापू, किती भरते."
आकडा शून्यावर बसलेला.
मावशी, म्हटलं, दहा किलोच्या खालचं
या काट्याला दिसत नाही.
ती त्या लांबरुंद लोखंडाकडं बघत राहिली.
"एवढा मोठा," म्हणाली, "अन् आंधळा?"

मग थंडी आली, गेली.
शिमग्याच्या चार दिवस आधी, रात्रपाळीला
बैलगाडी आली. ट्रकांच्या रांगेत,
दोन कर्नाटकच्या आणि एका गुजरातच्या मध्ये,
कंदील टांगलेली.
मागून बाया. पंधरा मोजल्या.
सिंधू कोडापेचं दीड एकर पडीत होतं,
त्यात ज्वारी केली होती त्यांनी.
रात्री आळीपाळीनं थाळ्या बडवून
रानडुकरं हाकलली होती.
एकीचा आवाज अजून बसलेला.

"आता त दिसन ना तुह्या काट्याले?"

दिसलं.
गाडी, बैल, पोती: सतराशे चाळीस.
पोती उतरवली. तेवढ्यात
डावीकडच्या बैलानं काट्यावरच शेण टाकलं.
मागचा ड्रायव्हर हॉर्न सोडून हसायला लागला.
"तेही वजा कर," पार्बता म्हणाली,
"फुकटचं नाही पाह्यजे आमाले."
ते दहा किलोच्या खालचं होतं.
रिकामं: अकराशे.
बाकी सहाशे चाळीस.

तिनं बोटांवर हिशेब केला नाही,
तो आधीच झालेला होता.
"सोळा वाटे. चाळीस चाळीस."
तुम्ही तर पंधरा, मी म्हटलं.
"ताराबाई मसराम खाटेवर हाय दिवाळीपासून."
मग ती निंदायला, सोंगायला कुठं आली?
"काम नाही झालं तिच्यानं," पार्बता म्हणाली,
"भूक त झाली ना."

या खोलीत भाव बोलले जातात,
वायदे, आर्द्रतेची टक्केवारी, डॉलर.
मी हे वाक्य कोणत्या रकान्यात टाकू
मला कळेना, म्हणून पावती भरायला घेतली.
गाडी नंबर: नाही.
माल: ज्वारी.
(नऊ वर्षांत हा शब्द इथं टाइप केलेला आठवत नाही,
ज शोधायला बोट अडखळलं.)
कुठून: बोरखेडी.
कुठे:
मी वर पाहिलं.
"बोरखेडी," ती म्हणाली,
जसं काही यात विचारण्यासारखं काय आहे.

दोन्हीकडं एकच गाव आलं
की आमचं सॉफ्टवेअर अडतं.
पडद्यावर पिवळी चौकट आली:
काही चूक आहे का? होय. नाही.

बाहेर ट्रक घुरघुरत होते.
बाया पोती परत चढवत होत्या,
बैल आपल्या शेणाचा वास घेत होता.
मी नाही दाबलं.
प्रिंटर खरखरला.