कोमट

पुडीवर लिहिलं होतं: कोमट पाण्यात.
मी केटलमधलं ओतलं.
यीस्ट फसफसलं नाही,
मटकीच्या रंगाचा गाळ होऊन नुसतं तरंगत राहिलं.
कन्नमवार नगरात, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही दोघं वाटीत वाकून बघत होतो,
विहिरीत काही पडल्यावर माणसं बघतात तसे.

"मेलं," उर्वी म्हणाली.
"तू मारलंस."

दर दुसऱ्या रविवारी, अकरा ते सहा.
मागच्या खेपेला तयार बेस आणला होता,
पुठ्ठा निघाला.
तिनं फक्त कडा टाकल्या,
म्हणजे जवळजवळ सगळाच.
म्हणून यावेळी मैद्यापासून सुरुवात.
आठवडाभर ऑफिसात, आवाज बंद ठेवून,
एका जाड इटालियन माणसाचे हात बघितले.

आता पीठ फुगेना, आणि ही फुगून बसलेली,
गॅलरीत, वाळत्या कपड्यांखाली, पाठ करून.
दोन्हीला आपल्यात एकच शब्द आहे,
सांगून बघितलं.
नाही हसली.

देढियांच्या दुकानात यीस्ट संपलेलं.
मागच्या गल्लीतल्या पावाच्या भट्टीवर इसाकनं
खव्यासारखा ओलसर गोळा
कागदात बांधून दिला.
"किती माणसांचं?"
"दोन. एक लहान."
पैसे घेतले नाहीत, वर दम दिला:
"बोटावर जाऊ नका. बोट खोटं बोलतं."

घरी येऊन पाणी तापवलं, बाही सारली
आणि विचार न करता कोपर बुडवलं.

"ई! कोपर काय?"

अकरा दिवसांची होतीस.
आई तापानं फणफणलेली, मालिशवाल्या बाई गावी,
निळा टब, अर्धी बादली,
आणि फोनवर माझी बहीण ओरडतेय,
कोपर घाल रे, कोपर!

यातलं काही बोललो नाही.
"कोपराला कळतं," एवढंच.
तिनं आपलं घातलं, डास चावलेलं.
"याला कोमट म्हणतात?"
"याला."

मग परात.
कणीक तिंबणे, म्हणजे खूप मारणे,
वाक्यात उपयोग करा, दोन गुण.
तिनं उपयोग केला.
एक ठोसा गणिताच्या बाईंना,
चार त्या अद्वैतला, तो डबा चोरतो,
आणि शेवटचे दोन कुणाचंच नाव न घेता.
मी विचारलं नाही.
मैदा माझ्या चष्म्यावर, तिच्या भुवईवर,
कॅलेंडरवरच्या पुढच्या रविवारवर.

उबदार जागी ठेवा, असं त्या माणसाच्या खाली अक्षरांत येत होतं.
ऑक्टोबरात. मुंबईत.
ओट्यावरच ठेवलं, ओला पंचा टाकून.

चारला तिनं पंचा उचलला. चार पाचला.
चार वीसला.
पाचला बोट खुपसलं,
आणि खळगा आपला आपण
सावकाश भरत आला.
"बाबा, हे जिवंत आहे."

साडेपाचलाच खाली रिक्षा येऊन थांबली,
कुठेसं बारसं होतं.
टोमॅटो चिरायचे राहिलेले,
शिटी काढलेला कुकर मिठावर तापत होता.
अर्धा उंडा स्टीलच्या डब्यात घातला,
झाकण घट्ट लावू नकोस म्हणालो, आणि आईला सांग,
काय सांग ते सुचेपर्यंत
ती दोन जिने उतरली होती.

उरलेल्याचं तव्यावर काहीतरी जाड केलं.
चीज विसरलो. लसणाच्या चटणीशी खाल्लं.

नऊ पस्तीसला मेसेज.
रिक्षात झाकण उडालं, आईच्या साडीला लागलं,
आधी ओरडली मग हसली.
लगेच दुसरा:
कोपराचं तिनं सांगितलं.
तिसरा:
टब निळा होता का? आई म्हणते हिरवा.

मी अजून आठवतोय.
कोपरावर पीठ वाळून बसलंय,
केसांत अडकलेलं, ओढलं की दुखतं,
आणि आधी पाणी तापवायला हवं.