नऊ वार शीड

शीड मी शिवलं.
खासबागेत माझं फॉल-पिकोचं दुकान, दोन मशिनी,
एक चालते, दुसरी तिला सुट्टे भाग पुरवते.
भरमाण्णा आला तो वडगावच्या मागावरचं
विणीत चूक निघालेलं लुगडं घेऊन.
"त्रिकोण कर. वाऱ्यात फाटायला नको."
म्हटलं, अण्णा, आजवर साडी उडू नये म्हणून फॉल लावत आले,
उडावी म्हणून कधी शिवली नाही.

तो उद्यमबागेत लाकडाचे पॅटर्न करतो.
पंपाचं पोट आधी त्याच्या हातात तयार होतं,
मग वाळूत दाबतात, मग लोखंड ओततात.
तीस वर्षांत त्यानं केलेलं काही
लाकूड म्हणून राहिलं नाही.
ही होडी राहिली. फणसाची. सात महिन्यांचे रविवार.

काठ मी उसवला नाही.
हिरवा, चार बोटांचा, रुईफुली.
असू दे म्हटलं, शिडालाही एक काठ.

हिडकलचं पाणी, श्रावणातला तिसरा रविवार.
पलीकडं गौराक्का, त्याची थोरली बहीण.
रस्त्यानं दोन बशी आणि एक टमटम,
पाण्यावरून बघितलं तर तिचे पत्रे चमकताना दिसतात.
नऊ वर्षं गेला नव्हता तो. मी कारण विचारलं नाही.
बहीणभावाच्यात कारण लहानच असतं.

बसलिंग अंबिगेर जाळं उकलत बसलेला.
"इदेन, हायी?"
त्यांच्यात शिडाला हायी म्हणतात.
भरमाण्णा म्हणाला, "हाय की!"
दोघांनाही वाटलं, समोरच्याला आपलं कळलं.
बसलिंग न बोलवता चढला, वल्हं घेऊन.

निम्म्यापर्यंत तर पाळण्यात बसल्यागत.
मग डोंगराकडून आला.
पाणी आधी काळं पडलं,
मग त्याच्यावर काटा आला, अंगावर येतो तसा.
शिडाचं पोट एकदम भरलं, होडी कुशीवर झोपली,
कुंद्याचा डबा घसरत माझ्या पायाशी.
मला माझी शिवण ऐकू येत होती, टाका न् टाका.
कापड नऊ वार, ते मी मोजलेलं.
वाऱ्याला कुठला गज लावायचा?

भरमाण्णा दोर सोडेना.
घर दिसत होतं. दारात काहीतरी लाल हललं,
माणूस असेल, नाहीतर वाळत घातलेलं.
"अजून थोडं," म्हणाला. "थोडंच."
बसलिंग काही बोलला नाही.
त्यानं फक्त चपला काढल्या
आणि जोडीनं, नीट, फळीखाली सारल्या,
देवळाबाहेर ठेवतो तशा.

ते बघून अण्णाची मूठ ढिली झाली.
"तिरगस," म्हणाला.
एवढा एकच शब्द, आणि तो बसलिंगच्या भाषेत.

शीड उतरवलं, ओलं, माझ्या मांडीवर,
लुगड्याएवढंच जड.
दोघं वल्हवत राहिले, पाठमोरे,
त्यामुळं पलीकडचं घर लहान होताना
त्यांना शेवटपर्यंत समोर दिसत होतं.
मला अलीकडचा चिखल दिसत होता,
आणि त्यातली आमचीच सकाळची पावलं.

फोन लागला. गौराक्का ओरडत होती, मागं वारं.
"बघूलालते की मी! दोन पत्रे उडाले इथं.
काठ हिरवा हाय न्हवं त्याचा?
आईच्या लुगड्याला होता तसला."
हा गप्प.
"उद्या बसनं ये. दारातनं.
पाण्यातनं कशाला, चोरासारखा?"

शीड मी बाभळीवर टाकलं.
एका जागी हातभर उसवलेलं, काठाच्या जरा वर.
सुई होती पदराला, दोरा नव्हता.
बसलिंगनं जाळ्याचा नायलॉन दिला, दातानं तोडून.
मी टाके घालेपर्यंत
दोघांनी कुंद्याचा डबा उघडला होता.
"उद्या स्टँडवर दुसरा घेतो," भरमाण्णा म्हणाला,
मग बोटं चाटत, कुणाकडंच न बघता,
"सकाळची पहिली गाडी कितीला रे?"