दुभाषी

सेंट पॉल, फेब्रुवारी, उणे एकोणीस.
बँकेच्या पायपुसण्यावर आईच्या बुटांचा बर्फ
वितळतोय, आणि लिंडक्विस्ट साहेब सांगताहेत,
कर्जाला सरकारची हमी आहे.

हमीला आमच्या ह्मोंगमध्ये काय म्हणतात
मला धड माहीत नव्हतं. मी बारावीत.
म्हटलं, आई, कुणीतरी पाठीवर हात ठेवून बसलंय.
कुणाच्या? तिनं विचारलं.
मी साहेबांना विचारलं.
बँकेच्या, ते म्हणाले,
शंभरातल्या पंच्याहत्तरांपुरता.

आणि माझ्या?

हा प्रश्न मी इंग्रजीत नेलाच नाही.

मग तारणाची यादी:
धूर ओढणारा पंखा, सहा तोंडांची शेगडी,
दार नीट न लागणारा फ्रीज,
चाकांवरून गंजत चाललेली व्हॅन,
आमचं राहतं घर. तिथं साहेबांनी जरा खाकरून घेतलं.
अजून काही?

बान विनायच्या छावणीतून आणलेलं पातेलं, आई म्हणाली,
त्यातच तर खाऊ पुनचा रस्सा उकळतो.
बूड काळं, एक कान तुटका. तेही सांग त्यांना.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. माणूस चांगला.
किंमत शून्य, ते इतक्या हळू म्हणाले
जणू कुणी गेल्याची बातमी देताहेत.

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.
आई सकाळपासून पहिल्यांदा हसली:
म्हणजे ते नेणार नाहीत.

सह्या एकवीस. शिओंग, शिओंग, शिओंग,
शेवटाकडे अक्षरं
शेवयांसारखी लांबत गेलेली.