उतार नव्हता

परळच्या इस्पितळात, एक्स-रेच्या बोळात
व्हीलचेअर ढकलली नेहमीच्याच जोरानं
आणि ती सुसाट निघाली.

उतार नव्हता.
डावं चाक अजून कुईकुई करत होतं.
"हळू, ताई!" मयेकर वॉर्डबॉय ओरडला.

आबांनी नायगावच्या रात्रशाळेत
गिरणीतून दमून आलेल्यांना शिकवलं:
बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.
पेंगणाऱ्याला खडू फेकून मारायचे.

आज मान न वळवता म्हणाले,
"जोर तेवढाच लावलास ना?
मग खुर्ची का पळाली?
सांग."

मला उत्तर येत होतं.
जूनमध्ये चौसष्ट किलो, काल एकेचाळीस.

मी म्हटलं, "फरशी गुळगुळीत आहे, आबा."

"चूक," ते म्हणाले,
आणि त्यांची बोटं शालीत
खडू शोधू लागली.